बदक चरबीत मुरवून ठेवताना: कोल्हापुरातल्या घरासाठी रीत आणि खबरदारी

तेलाखाली बुडालेलं टिकतं, हे आपण लोणच्याच्या बरणीवरून शिकलेलो असतो. फोडी वर आल्या की खाली दाबायच्या, वर तेलाचा थर ठेवायचा, ओला चमचा घालायचा नाही. बदक मुरवायला घेतलं तेव्हा मीही हाच हिशेब धरला होता आणि तो चुकीचा होता. कैरीच्या लोणच्यात तेलाच्या जोडीला आंबटपणा असतो, बदकात तो नसतो. एवढा फरक डोक्यात ठेवून पुढचं वाचा. खालच्या निम्म्या सूचना त्याच्यापायीच आहेत.

ही रीत फ्रान्सच्या नैऋत्य भागातली, गॅस्कनी आणि पेरिगोर या मुलखांतली. तिथं तिला 'कॉन्फी' म्हणतात. फ्रिज नव्हते तेव्हा थंडीच्या तोंडाला बदकं नि हंस कापायचे, मीठ लावून ठेवायचे, त्यांच्याच चरबीत मंद शिजवायचे आणि मातीच्या भांड्यात चरबीखाली बुडवून गार तळघरात ठेवायचे. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त काही वर्षं तुलूझला होती, तिच्याकडून मी हे शिकले. आता पाचेक वर्षं घरी करते आहे. तिची रीत मी इथल्या हवेला बसवून घेतली. ती बसवताना जिथं जिथं अडले, ते सगळं इथं लिहिते.

बदक टिकवण्याची दुसरी प्रसिद्ध रीत चिनी आहे. मीठ लावलेलं बदक चपटं करून वाऱ्यावर सुकवतात, आणि तेही ऐन थंडीत, त्यांच्या बाराव्या चांद्रमासात, म्हणजे साधारण आपल्या पौषात. त्याला कोरडा, बोचरा गार वारा लागतो. आपल्याकडे पौषातही दुपारी घाम फुटतो आणि माश्या असतातच. त्यामुळे गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी बदक टांगायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. घरच्या घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं चरबीचीच वाट धरावी.

1. वेळ आधी ठरवा

सगळं मिळून तीन दिवस लागतात, पण हाताला काम एकूण तीन-चार तासांचंच. पहिल्या दिवशी साफसफाई नि मीठ, दुसऱ्या दिवशी चरबी काढणं, तिसऱ्या दिवशी शिजवणं. मी मार्गशीर्षातले गुरुवार संपले की करते. तेव्हा घरात मटण-मासे सुरू झालेले असतात आणि हवाही थंड असते. पावसाळ्यात पहिला प्रयत्न नको. श्रावणामुळे नव्हे, वीज जाते म्हणून. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

2. बदक कसलं घ्यायचं

कोंबडीसारखं बदक कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेलं नसतं. चिकनच्या दुकानात चार-पाच दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर गावाकडच्या आठवडी बाजारात पाटीवाल्यांकडे चौकशी करावी लागते. नदीकाठच्या गावांत बदकं पाळणारी घरं असतात, त्यांच्याकडून थेट मिळालं तर सगळ्यात चांगलं.

मांसासाठी पाळतात ती पांढरी, पिवळ्या चोचीची पेकिन जात. ती सात-आठ आठवड्यांत कापायला येते आणि तिच्या कातडीखाली भरपूर चरबी असते. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांची जात. ती अंगानं हलकी, चरबी बेताची. अंडी देऊन थकलेली मादी स्वस्तात मिळते, पण तिला शिजायला दीडपट वेळ लागतो. ती घेतली तर वाईट नाही, फक्त घाई करू नका. दोन बदकं घ्या. एकाच्या दोन तंगड्यांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

रानबदकाचं नाव काढू नका. हिवाळ्यात रंकाळ्यावर आणि कळंब्याला जी बदकं उतरतात, आणि वर्षभर दिसणारं आपलं हळदी-कुंकू बदक, या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. 'तळ्यावरचं आणून देतो' असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

बर्ड फ्लूची बातमी असेल त्या दिवसांत बदक आणूच नका. 2006 साली नवापूरला कोंबड्यांमध्ये ही साथ आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. कोंबडी या रोगानं पटकन मरते, पण बदक बाहेरून धडधाकट दिसत असूनही रोग बाळगून असू शकतं. म्हणून 'पाखरू टवटवीत होतं' हा पुरावा धरू नये.

3. दुकानदाराला काय सांगायचं

पहिला मोठा घोटाळा इथं होतो. आपल्याकडे चिकन कातडी काढूनच देतात, त्यांच्या हाताला तीच सवय. मी पहिल्यांदा बदक सांगून ठेवलं आणि पैसे द्यायला वळले, तेवढ्यात कातडीसकट सगळी चरबी बादलीत गेली होती. बदकात जे मौल्यवान, तेच गेलं. म्हणून आधीच स्पष्ट सांगा: "दादा, कातडी काढायची नाही. पिसं उपटून, जाळावर होरपळून द्या. आतली पिवळी चरबीही मला पाहिजे." आणि तिथंच उभे राहा.

ते पिसं काढून देत नसतील तर घरी काढावी लागतात. बदकाची पिसं तेलकट असतात, पाणी आत शिरत नाही, त्यामुळे कोंबडीच्या हिशेबानं नुसतं बुचकळून भागत नाही. हात लावला की चटका बसेल, पण उकळी नाही, अशा पाण्यात, म्हणजे 65 ते 70 अंशांच्या आसपास, दोन-तीन मिनिटं बुडवून काठीनं हलवत राहा, म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी पोचतं. उकळतं पाणी घेतलं तर कातडी फाटते. मोठी पिसं हातानं निघतात, बारीक खुंट चिमट्यानं काढावे लागतात. याला तासभर धरा.

शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, दोन पिवळ्या गाठी असतात. बदक पिसांना लावायचं तेल तिथं बनवतं. त्या कापून टाका. राहिल्या तर सगळ्या चरबीला उग्र वास लागतो आणि तो मसाल्यानंही झाकत नाही.

4. सामान

दोन बदकांच्या चार अख्ख्या तंगड्या (मांडीसकट) आणि पंख, मिळून साधारण सव्वा किलो. बारीक मीठ. काळी मिरी, तीन-चार तमालपत्रं, थोडी लसूण. बदकाची चरबी, आणि कमी पडलीच तर घरचं साजूक तूप.

भांड्यांपैकी तीन गोष्टी उसन्या का होईना, पण मिळवाच. ग्रॅम दाखवणारा काटा, स्वयंपाकाचा थर्मामीटर, आणि तंगड्या दाटीवाटीनं बसतील असं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. पातेलं रुंद घेतलं की चरबी दुप्पट लागते. बाकी झाकणाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी, मलमलचं फडकं, लांब चिमटा. फ्रिज तर हवाच.

छातीचे तुकडे यात घालू नका. ते चरबीत कोरडे पडतात. त्याच दिवशी तव्यावर करून खा. हाडांचा सांगाडा रश्शाला ठेवा.

5. मीठ लावणं

मीठ चमच्यानं नाही, वजनानं. खडे मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत खूप फरक पडतो. हाडासकट एक किलो मांसाला 20 ग्रॅम बारीक मीठ घ्या, म्हणजे सव्वा किलोला 25 ग्रॅम. त्यात जाडसर कुटलेली मिरी आणि चुरडलेलं तमालपत्र मिसळा. तंगड्या कागदानं किंवा फडक्यानं कोरड्या करा, मिश्रण सगळीकडे चोळा, मांसाच्या बाजूला जरा जास्त. झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये दीड दिवस ठेवा आणि मध्ये एकदा वरखाली करा. तळाशी पाणी सुटेल, ते फेकून द्यायचं.

बाहेर ओट्यावर ठेवून मीठ मुरवू नका. 'मीठ लावलंय, काय होतंय' हे वाक्य मला घरात दोन-तीन जणांनी ऐकवलं. एवढं मीठ चवीपुरतं आहे, मांस राखण्यापुरतं नाही.

शिजवायच्या आधी मीठ झटकून, पाण्याखालून पटकन काढून लगेच अगदी कोरडं पुसा. ओला तुकडा गरम चरबीत गेला तर अंगावर शिंतोडे उडतात.

कुणीतरी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालायला सुचवेल. परदेशातल्या मुरवलेल्या मांसात नायट्रेट-नायट्राइट वापरतात हे खरं, पण तिथं मोजमाप ग्रॅमच्या भागांत असतं आणि चुकलं तर विषबाधा होते. या रीतीला त्याची गरज नाही. अंदाजानं सोरा घालू नका.

6. चरबी काढणं

मानेची, पाठीची जादा कातडी आणि पोटातली पिवळी चरबी बारीक चिरा. पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून त्यात ही चरबी टाका आणि सगळ्यात बारीक गॅसवर ठेवा. सुरुवातीचं पाणी चरबी करपू देत नाही, नंतर ते उडून जातं. तासाभरात चरबी सोनेरी, पारदर्शक होते आणि कातडीचे तुकडे लालसर कुरकुरीत होतात. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपलं. गाळून घ्या. धूर येऊ देऊ नका, करपलेल्या चरबीचा वास शेवटपर्यंत राहतो.

ते कुरकुरीत तुकडे मीठ-तिखट लावून भडंगात मिसळा. आमच्याकडे बदक राहिलं बाजूला, मुलं याचीच वाट बघतात.

चार तंगड्यांना पाऊण ते एक लिटर चरबी लागते. मला एका चांगल्या पेकिनमधून पाव लिटरच्या आसपास मिळते, गावठीतून त्याहून बरीच कमी. उरलेलं साजूक तूप घाला. फ्रेंच माणूस याला कॉन्फी म्हणेल की नाही, याची मला फिकीर नाही. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणाऱ्या गावात तुपाला नावं ठेवायचं कारण दिसत नाही, आणि चव खरंच सुंदर लागते. एकच अट: तूप पूर्ण कढलेलं हवं. बुडाशी बेरी किंवा ओल राहिलेली असेल तर आधी पुन्हा कढवून गाळा. शेंगतेल, सूर्यफूल तेल मात्र नको. ते फ्रिजमध्येही घट्ट गोठत नाही, वर पक्का थर धरत नाही.

7. शिजवणं

तंगड्या पातेल्यात कातडी वर करून दाटीनं बसवा, कोमट चरबी ओता, सगळं बुडालं पाहिजे. एखादा कोपरा वर राहिला तर तूप वाढवा. चार-पाच लसूण पाकळ्या यातच टाका, पण मोजून, कारण शेवटी त्या काढून टाकायच्या आहेत.

गॅसच्या लहान बर्नरवर जुना लोखंडी तवा ठेवून त्यावर पातेलं ठेवा. चरबीचं तापमान 85 ते 95 अंशांत राहिलं पाहिजे. थर्मामीटर नसताना ओळखायचं तर अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा आळसावल्यासारखा वर येतो, तेवढंच. चुरचुर आवाज आला तर ते तळणं झालं. गॅस कमी करा, तरी थांबत नसेल तर पातेलं दोन मिनिटं उतरवून ठेवा. ओव्हन असेल त्यांनी झाकण घालून 120 अंशांवर ठेवावं, लक्ष कमी द्यावं लागतं.

पेकिनला तीन ते चार तास, जून मादीला पाच-सहाही. घड्याळापेक्षा तंगडी बघा. घोट्याकडचं मांस आक्रसून हाड उघडं पडतं, सुरीचं टोक मांडीत लोण्यासारखं शिरतं, आणि हाड धरून हलवलं तर सांध्यात हलतं. तरीही तुकडा आकार धरून असला पाहिजे.

प्रेशर कुकरचा मोह पुष्कळांना होतो. भरपूर चरबी घालून कुकर लावणं धोक्याचं आहे, कुकर पाण्याच्या वाफेसाठी असतो. तो वापरू नका.

आपला कांदा-लसूण मसाला या चरबीत घालायचा नाही, हेही इथंच सांगते. मी एकदा घातला. चार तासांत मसाला तळाशी बसून कडू झाला आणि चरबी पुन्हा वापरायच्या लायकीची राहिली नाही. तिखट खायच्या वेळी, वरून.

8. बरणीत भरणं

बरणी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, मग ओव्हनमध्ये किंवा उन्हात पूर्ण कोरडी करा. भरताना ती कोमट असू द्या, गार काचेवर गरम चरबी ओतली तर तडकते.

तंगड्या चिमट्यानं अलगद उचलून बरणीत रचा. लसूण आणि तमालपत्र काढून टाका. आता पातेल्यात खाली बघा. चरबीच्या तळाशी तपकिरी रस जमलेला दिसेल. हा मांसाचा रस आहे, त्यात पाणी आहे, आणि बरणीत तोच पहिल्यांदा खराब होतो. चरबी पळीनं वरवरून काढत मलमलमधून गाळा आणि तळाचा रस पातेल्यातच राहू द्या. तो गार झाल्यावर जेलीसारखा गोठतो. फेकू नका. दोन चमचे पांढऱ्या रश्श्यात घातले तर रस्सा अंगानं दाट होतो. फक्त रश्श्याचं मीठ आधी कमी ठेवा, कारण ही जेली चांगलीच खारट असते.

गाळलेली चरबी तंगड्यांवर ओता, बरणी हळू ठोकून आतली हवा वर येऊ द्या, आणि दोन बोटं थर वर राहील इतकी भरा. झाकण लावून बरणी पातेल्यातल्या गार पाण्यात ठेवा, पाणी एक-दोनदा बदला. दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे. रात्रभर ओट्यावर 'गोठू दे' म्हणून ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवा.

9. ठेवणं: इथं घाई नको, आळसही नको

फ्रान्समधल्या थंड तळघरात चरबी पांढरी गोठून झाकणासारखी बसायची. कोल्हापुरात मे महिन्यात पारा 35 च्या पुढे जातो. बदकाची चरबी तर त्याच्या कितीतरी आधीच पातळ होते, तूपही वितळतं. म्हणजे फडताळात ठेवलेल्या बरणीला झाकण असं राहतच नाही, मांस पातळ चरबीत तरंगत असतं.

आणि झाकण बसलं तरी एक शत्रू आत राहतो. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि चरबीखाली हवा नसतेच. त्याचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीनंही मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालचं 121 अंश तापमान लागतं, आपण तर 95 च्या वर गेलो नाही. लोणच्यात आंबटपणामुळे तो वाढू शकत नाही. बदकाला वाचवणारं एकच, थंडी. त्याच्या विषाला वास नसतो, चव नसते, म्हणून हुंगून निर्णय घेता येत नाही. कच्ची लसूण चरबीखाली ठेवणं याच कारणानं धोक्याचं.

तेव्हा माझे नियम असे आहेत. फ्रिज 4 अंशांच्या खाली. बरणी खालच्या कप्प्यात मागे, दारात कधीच नाही. तीन आठवड्यांत संपवायची. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर तंगड्या चरबीसकट पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये, तिथं तीन महिने चव छान राहते. एक तंगडी काढली की उरलेल्या पुन्हा चरबीखाली गेल्या पाहिजेत.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद दारात साधारण चार तास गारवा टिकतो. 2021 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी आलं नाही, पण वीज दोन दिवस नव्हती. फ्रिजमध्ये सहा तंगड्यांची बरणी होती, आठवडाभर मुरलेली, वासाला अप्रतिम. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वर तुपाचा थर आहे की, चांगलं असेल." मला रडू येत होतं, पण मी ती टाकून दिली. खड्डा करून पुरली, कुत्र्यांनाही घातली नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही टाका.

10. काढून खाणं

पाच-सहा दिवस थांबाल तर मीठ आणि चरबी मांसात नीट बसतात. बरणी कोमट पाण्यात उभी करा, चरबी सैल झाली की तंगडी चिमट्यानं उचला. ओढून काढली तर मांस हाडावरून सुटतं. जादा चरबी पुसा, कातडी खाली करून गार तव्यावर ठेवा आणि मग गॅस लावा. मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटांत कातडी कडक होते. उलटून झाकण ठेवा आणि आतपर्यंत वाफाळतं गरम होऊ द्या. कोमट खायचं नाही.

सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. तिखट हवं त्यांनी आता कांदा-लसूण मसाला तव्यावरच्या दोन थेंब चरबीत परतून वर चोळावा. मी तांबडा रस्सा बाजूला वाटीत देते, तंगडीवर ओतत नाही, नाहीतर कडक केलेली कातडी मऊ पडते.

बरणीतली चरबी गाळून, एकदा गरम करून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला चालते. दोन-तीन खेपांनंतर ती खारट होत जाते, तेव्हा तिच्यात उकडलेले बटाटे परतून टाका, त्यांना वेगळं मीठ लागत नाही.